बिनटिकलीची चिठ्ठी

"टिकल्या चालतील काय, मॅडम?" असं म्हणत उमाठे काकांनी शर्टाच्या खिशातून दोन पाकिटं काढली आणि टेबलावर ठेवली. मरून रंगाच्या, मखमली, मध्यम आकाराच्या टिकल्या. एका पाकिटातल्या वरच्या रांगेतल्या तीन टिकल्या आधीच काढलेल्या होत्या.

शुक्रवारचे दुपारचे तीन वाजले होते आणि मी वैतागले होते. मतं द्यायला लागणारे गोल रंगीत स्टिकर मी आठवडाभर स्टोअरकडे मागत होते आणि ते काही आले नव्हते. तन्मय भोयरने पाकिटातली एक टिकली उचलून स्वतःच्या कपाळाला लावली आणि आपण आता बोहल्यावर चढायला मोकळे, असं जाहीर केलं. शाहीन हसली, मीही हसले. कुठून आणल्या, असं मी काकांना विचारलं.

"घरीच होत्या," ते म्हणाले. "सध्या कोणी लावत नाही."

सध्या का लावत नाही, एवढं विचारायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी घड्याळ बघितलं आणि चला, सुरू करू या म्हणाले. या गोष्टीला आता बारा वर्षं झाली.

नागपूरला परसोडीच्या आयटी पार्कमध्ये आमचं लहानसं ऑफिस होतं. शाळेची बस कुठवर आली आहे हे आईबापांना फोनवर दिसावं, असं ॲप आम्ही बनवत होतो. तन्मय आणि शाहीन प्रोग्रॅम लिहायचे, उमाठे काका तो तपासून त्यातल्या चुका काढायचे. आणि मी, केतकी बोबडे, वय वर्षं सत्तावीस, त्या तिघांची स्क्रम मास्टर. नाव भारदस्त आहे, पण काम म्हणजे सगळे ठरल्या पद्धतीने चाललेत ना हे बघणं आणि कोणाचं कुठे अडलं असेल तर ते मोकळं करणं. हे दुसरं काम खरं तर पहिलं असायला हवं होतं. मी पुण्याला तीन दिवसांचा कोर्स करून सर्टिफिकेट घेऊन आले होते आणि ते फ्रेम करून टेबलावर ठेवलं होतं, यावरून काय ते समजा.

आमचं काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत चाले. त्या तुकड्याला स्प्रिंट म्हणतात. भिंतीवरच्या काचेवर तीन रकाने होते, करायचं, चालू आणि झालं, आणि कामांच्या चिठ्ठ्या एकातून दुसऱ्यात सरकत. रोज सकाळी पावणेदहाला त्या काचेसमोर पंधरा मिनिटांची बैठक व्हायची. तिला बैठक म्हणायचो तरी ती उभ्याने, कारण बसलं की माणसं पसरतात. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. मी घरून स्वयंपाकघरातलं किल्लीचं टायमर आणलं होतं. ते पंधरावर पिळून ठेवायचे आणि खर्रकन वाजलं की बोलणाऱ्याचं वाक्य अर्धं राहिलं तरी बैठक संपायची.

'अडचण' या शब्दावरून पहिल्याच दिवशी हसू झालं होतं. आमच्याकडे अडचण म्हणजे बायकांचे ते चार दिवस. शाहीन मान खाली घालून हसू दाबत होती आणि तन्मय आढ्याकडे बघत होता. म्हणून मी जरा ठणकावूनच सांगितलं होतं की इथे अडचण म्हणजे कामाची अडचण. घरची गाऱ्हाणी या पंधरा मिनिटांत आणायची नाहीत.

काका आमच्याकडे आले तेव्हा बावन्न वर्षांचे होते. आधीची कंपनी बंद पडली होती. आमच्याकडे तीन महिन्यांच्या चाचणीवर घेतलं होतं आणि त्यांना कायम करायचं की नाही, याचा रिपोर्ट मी द्यायचा होता. इथे सर-मॅडम नाही, सगळ्यांनी नावाने हाक मारायची, हाही माझा एक नियम होता. पण त्या माणसाला 'मुरलीधर' म्हणायला कोणाची जीभ वळेना. त्यामुळे ते सगळ्यांचे काका झाले आणि ते मला मॅडमच म्हणत राहिले. त्यांचं अक्षर फार देखणं होतं. आम्ही बाकीचे चिठ्ठ्यांवर इंग्रजी खरडायचो, ते मात्र मराठीत, रेघ मारल्यासारखं सरळ लिहायचे.

त्या शुक्रवारी जो स्प्रिंट संपत होता, त्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी दोन दिवस रजा घेतली होती. कारण लिहिलं होतं, घरगुती. परत आले त्या सकाळी त्यांची पाळी आली तेव्हा काल नव्हतो, आज अमुक तपासतो, असं सांगून ते थांबले आणि मग म्हणाले, "अडचण म्हणजे, घरी जरा..."

"काका, कामाची अडचण," मी म्हणाले.

टायमरवर चार मिनिटं बाकी होती. मला ते अजून आठवतं, कारण मी त्याच्याकडे बघूनच बोलले होते.

"कामाची नाही," ते म्हणाले, आणि शाहीनची पाळी आली.

त्यानंतर ते दोनदा उशिरा आले, दोन्ही वेळा दहा वाजून वीस मिनिटांनी, घामाघूम होऊन. उशिरा येणाऱ्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घालायचे, असा आमचा दंड होता. काकांनी दोन्ही वेळा डबा भरून आणले. कोपऱ्यावरच्या टपरीवरचे असणार. तन्मय बोटं चाटत म्हणाला की काका, तुम्ही रोज उशिरा येत जा. सगळ्यांना हसू आलं. मी मात्र दुसऱ्या वेळी त्यांना बाजूला घेतलं आणि आवाज शक्य तितका गोड करून म्हणाले की काका, तुमचा रिपोर्ट मलाच द्यायचाय, माझी पंचाईत करू नका. त्यांनी मान हलवली. पुन्हा होणार नाही, म्हणाले.

तर त्या शुक्रवारी स्प्रिंट संपला होता. स्प्रिंट संपला की सगळ्यांनी बसून आपल्या कामाच्या पद्धतीत काय बदलावं हे ठरवायचं असतं. मनातलं मोकळेपणाने लिहिता यावं म्हणून चिठ्ठ्यांवर नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या काचेवर लावायच्या, प्रत्येकाने तीन मतं द्यायची आणि ज्या चिठ्ठीला मत पडेल तिच्यावर बोलायचं. एक मत पडलं तरी बोलायचं, हा नियम मीच केला होता आणि त्याचा मला अभिमान होता. एकट्या माणसाचंही ऐकलं गेलं पाहिजे, असं मी तेव्हा सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. स्क्रम मास्टरने मात्र मत द्यायचं नाही. तो तटस्थ.

त्या दिवशी सात चिठ्ठ्या लागल्या. सहा इंग्रजीत होत्या. एसी फार गार असतो, चाचणीचा सर्व्हर हळू चालतो, दुपारच्या मीटिंग कमी करा, असं नेहमीचंच. सातवी मराठीत होती.

'सकाळची बैठक साडेदहाला घेता येईल काय?'

नाव नव्हतं, पण ते असून-नसून सारखंच. मी काकांकडे बघितलं. तेही माझ्याकडेच बघत होते. मी नजर काढून घेतली, कारण चिठ्ठी कोणाची हे मला कळलंय असं दिसणं पद्धतीला धरून नव्हतं.

तिघे टिकल्या घेऊन काचेपुढे उभे राहिले. तन्मयला संध्याकाळी लवकर निघायचं असे, त्याला उशिराची बैठक नकोच होती. शाहीनने सर्व्हरच्या चिठ्ठीला दोन टिकल्या दिल्या आणि एक एसीला. काकांनी एक सर्व्हरला लावली, एक दुपारच्या मीटिंगच्या चिठ्ठीला. तिसरी टिकली तर्जनीच्या टोकावर घेऊन ते त्या मराठी चिठ्ठीसमोर उभे राहिले. बराच वेळ उभे होते. तन्मय म्हणाला, काका, टिकली लावताय की मुहूर्त बघताय? मग काका एक पाऊल सरकले आणि ती टिकली त्यांनी एसीच्या चिठ्ठीवर लावली.

नऊ टिकल्या पडल्या. मराठी चिठ्ठी कोरी राहिली. आम्ही तासभर एसीवर आणि सर्व्हरवर चर्चा केली. मग मी सगळ्या चिठ्ठ्या काढल्या, तीही काढली आणि डायरीत ठेवून दिली.

पुढचे दोन आठवडे काका रोज नऊ चाळीसला काचेसमोर हजर असत. आमच्या सगळ्यांच्या आधी. हाताची घडी घालून, दाराकडे पाठ करून उभे. काल हे केलं, आज हे करतो, अडचण नाही. त्यांचं बोलणं मिनिटभरही चालत नसे. मला कोण समाधान वाटलं. माझी पद्धत लागू पडत होती. एका सकाळी मी सगळ्यांसमोर म्हणालेसुद्धा की वेळ कशी पाळावी हे काकांकडून शिका. काका काचेवरच्या चिठ्ठ्यांकडे बघत राहिले.

दुसऱ्या आठवड्यातला बुधवार होता. बैठक दहाला संपली. मी चहा घेऊन जागेवर येते तोवर काका काचेसमोर एकटेच उभे दिसले. त्यांच्या हातात फोन होता. त्यांनी 'चालू' या रकान्यातली स्वतःची चिठ्ठी काढली आणि परत 'करायचं'मध्ये लावली. चार बोटांनी दाबून नीट चिकटवली. माणूस निघून जात असेल तर त्याचं काम 'चालू'मध्ये अडकून राहू नये, हाही आमचा नियम होता. मग ते माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, आज मला जावं लागते. पत्नी गेली."

कुठे गेली, असं मी विचारलं. देवाशप्पथ, तसंच विचारलं. मग त्यांचा चेहरा बघितला आणि हातातला कप कुठे ठेवावा हे मला कळेना. काका तोवर दाराबाहेर पडले होते.

तिसऱ्या दिवशी मी त्रिमूर्तीनगरला त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं स्वच्छ घर होतं. काका सतरंजीवर भिंतीला टेकून बसले होते. त्यांची मुलगी मंजिरी हैदराबादहून दहा-बारा दिवसांपूर्वी आली होती. ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली. मी ऑफिसातली म्हटल्यावर तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. राग नव्हता तिच्या नजरेत. असता तर मला सोपं गेलं असतं.

आईला महिन्यापूर्वी अर्धांगाचा झटका आला होता, धंतोलीच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं, हे मला तिच्याकडून कळलं. अतिदक्षता विभागात दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास भेटू द्यायचे. तेही एकाच माणसाला.

"आईला फक्त सकाळी ओळख राहायची," मंजिरी म्हणाली. "साडेनऊ ते दहा. मग औषधं दिली की झोप. संध्याकाळी उठली की कोणालाच ओळखायची नाही. बाबांनाच विचारायची, तुम्ही कोण म्हणून. बाबा रोज संध्याकाळी जाऊन तिला आपलं नाव सांगायचे."

बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून तिने दार जरा लोटलं.

"शेवटचे आठ दिवस सकाळी मी जात होती. मी आत गेली की म्हणायची, तू नाही, ते कुठं आहेत? ऑफिसात गेले सांगितलं की दाराकडे बघत राहायची. बुधवारीही बघत होती. मी बाबांना म्हटलं, एक दिवस उशिरा जा ना. तर म्हणे, नवीन पद्धत आहे, तिथं वेळ बदलत नाही."

साडेनऊ ते दहा. धंतोलीहून आमचं ऑफिस स्कूटरने वीस मिनिटं. मी मनात हिशेब केला, दोनदा केला. तो कसाही केला तरी दहा वीसच येत होते. साडेदहाला बैठक असती तर काकांना मधे दहा मिनिटं उरली असती. आणि ती पावणेदहालाच का होती? कशासाठीच नाही. पुण्याच्या कोर्समध्ये सांगितलं होतं की बैठक रोज एकाच वेळी, एकाच जागी घ्या. मी पावणेदहा म्हणाले आणि पावणेदहा झाले. अकरापर्यंत आमच्याकडे कोणी धड कामाला सुरुवातही करत नसे.

बाहेर येऊन मी काकांसमोर सतरंजीवर बसले. काय बोलायचं ते ठरवून आले होते, ते सगळं उडून गेलं होतं.

"काका, मला सांगितलं का नाही?"

"विचारलं होतं ना, मॅडम. चिठ्ठी लावली होती."

"तिच्यावर टिकली नव्हती."

"हो. नाही पडली."

"तुमच्याकडे तीन होत्या, काका. एक लावली असती तरी पुरलं असतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला समजत कसं नाही, याचं त्यांना नवल वाटलं असावं.

"आपल्याच चिठ्ठीले आपणच टिकली लावायची?" ते म्हणाले. "ते बरं नाही दिसत, मॅडम."

ऑफिसात ते नेहमी आमच्यासारखं बोलायचे. घरच्या बोलीत ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

"मला माहीत होतं, ती चिठ्ठी तुमची आहे," मी म्हणाले. हे बोलले नसते तर मला तिथून उठता आलं नसतं.

"ते मले माहीत आहे," काका म्हणाले. "तुमी पाहिलं होतं ना माझ्याकडे."

मला रडू फुटलं. त्यांच्या घरी, त्यांच्या दुःखात, मीच रडत बसले आणि काकांनी मंजिरीला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, नियम सगळ्यांना सारखा असतो, असं ते मला समजावत होते. समोरच्या कोनाड्यात आरसा होता. त्याच्या कडेला, वापरून काढलेल्या तीन मरून टिकल्या चिकटवलेल्या होत्या.

सोमवारी ऑफिसात गेल्या-गेल्या मी बैठक साडेदहाला केली. कोणाचं मत घेतलं नाही. तन्मयने तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं. काकांना कायम करण्याचा रिपोर्टही त्याच दिवशी लिहून टाकला. आपण काहीतरी भरून काढतोय, असं मला वाटत होतं.

चौदाव्या दिवशी काका कामावर आले. मी मुद्दाम लवकर गेले होते, तरी ते माझ्या आधी पोहोचले होते. नऊ चाळीस झाले होते. काचेसमोर, हाताची घडी घालून, दाराकडे पाठ करून ते उभे होते. त्यांची चिठ्ठी होती तिथेच होती, 'करायचं'मध्ये. तिला कोणी हात लावला नव्हता.

बैठक आता साडेदहाला असते, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"बरं केलं," ते म्हणाले.

पण हलले नाहीत. मलाही जागेवर जाववेना. मग मी त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि काही सुचेना म्हणून विचारलं, "काका, काही अडचण?"

ते काचेकडेच बघत होते. "घरची सांगितली तर चालते काय?"

मी दोन खुर्च्या ओढल्या. त्यांनी हातानेच नको म्हटलं. उभ्यानेच सांगतो, पंधरा मिनिटांत होते, म्हणाले. टायमर कुठे आहे म्हणून त्यांनी टेबलाकडे पाहिलंसुद्धा. ते मी केव्हाच घरी नेलं होतं.

"काल मंजिरीला गाडीत बसवून दिलं," काका म्हणाले. "आज तिच्या आईचं कपाट आवरतो म्हणतो." मग ते जरा थांबले. मी मधे बोलले नाही. "अडचण अशी आहे, मॅडम, की साडेनऊ वाजले की मी तयार होऊन बसतो. सवयच पडली. आता जायला कुठं नाही."

चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत लावला.

"सकाळची बैठक पावणेदहाला घेता येईल काय?"